एका पऱ्हाटीचा परवाना

मुक्काम सबीहाचं घर,
उत्तर कॅरोलिना, अमेरिका
३ ऑगस्ट २०१८

प्रिय मित्र निवृत्ती यास, धामणगाव बढे मुक्कामी,

फकीर मोहम्मदचा सलाम आणि रामराम. पाकीट पाहून घाबरू नको. परदेशातून पत्र आलं म्हणजे कोणाचं तरी काही झालं, असं वच्छलावहिनी लगेच समजतील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो की इथं कोणी गेलेलं नाही, उलट एक जण नवं आलेलं हाये. मी, अजीजुन्निसा, सबीहा, जावई जाकीर आणि आमची नात अलीजा असे पाचही जण धडधाकट हाओत. अलीजा तर सगळ्यात जास्त. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून फोनवर समजलं. पट्टी सुटली काय? डॉक्टरनं धुरापासून लांब राहा म्हटलं असेल, तर चुलीपाशी बसून वहिनीले भाजीत काय कमी पडलं ते सांगायचं काही दिवस बंद ठेव. पट्टी सुटली नसेल तर हे पत्र तुझा गोकुळ वाचून दाखवत असेल. (गोकुळ बेटा, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही, ते फक्त तुझ्या बापासाठी हाये. आता हे तू वाचलंच असेल तर पुढचंही वाच, काय करतो.)

तू म्हणशील, फोन असताना कागद काऊन? तर इथलं घर लाकडाचं हाये, भिंती पुठ्ठ्याच्या असल्यासारख्या. मी खाली खोकललो की वर अलीजा जागी होते, आणि मी फोनवर तुझं नाव घेतलं की सबीहा वरूनच ओरडते, निवृत्तीकाकाले माझा सलाम सांगा. अशा घरात माणसाले मनातलं बोलता येत नाही. मले तुझ्यापाशी एक छोटं काम हाये. ते शेवटी लिहितो. आधी इथली हकीकत ऐक, नाही तर तू म्हणशील की फकीर फक्त कामापुरता लिहितो.

इथं येऊन मले पहिली गोष्ट ही समजली की या देशात बंदुका दुकानात मिळतात, पण नातीले मांडीवर घेऊन दवाखान्यातून घरी आणता येत नाही. सबीहाले सुट्टी मिळाली त्या दिवशी अजीजुन्निसा जुन्या लुगड्याचं मऊ फडकं घेऊन तयार होती. नर्स म्हणे, आधी गाडीतली खुर्ची दाखवा. आम्हाले वाटलं सबीहाले बसायले खुर्ची मागून राह्यली. तर खुर्ची लेकराची! दोन दिवसांच्या लेकराले खुर्ची, तिले पट्टे, पट्ट्याले बक्कल, आणि ते बक्कल नीट लागलं का हे नर्स स्वतः पार्किंगमध्ये येऊन पाहून गेली. अजीजुन्निसानं मांडी पुढं केली, पण आजीच्या मांडीचा इथं परवाना नाही. ती सगळा रस्ता त्या खुर्चीवर हात ठेवून बसली आणि एकाही सिग्नलले काढला नाही. मले आपली सबीहा आठवली. तिले आपण मोताळ्याच्या दवाखान्यातून तुझ्या बैलगाडीत आणलं होतं, खाली कडबा, वर गोधडी, आणि तू बैलांले दम देऊन राह्यला होता, "हळू चाला बे, मागं लेकरू हाये." तेवढाच आपला कायदा होता आणि बैल तो पाळत होते.

घराचं म्हणशील तर घर सबीहा-जाकीरचं हाये, पण बाहेरून ते कॉलनीच्या कमिटीचं हाये. ही कमिटी म्हणजे काय ते तुले कसं सांगू? आपल्या ग्रामपंचायतीचं कोणी ऐकत नाही, हिचं सगळे ऐकतात. दरवाजाले रंग कोणता लावायचा ते कमिटी सांगते. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसू नये. घरासमोरचं गवत घोट्याच्या वर गेलं की चिठ्ठी येते. मी आलो तेव्हा गवत मस्त हिरवं होतं, मी मनात म्हटलं वा, जाकीरनं चारा चांगला राखला. तर दर शनिवारी जाकीर यंत्र घेऊन ते कापते, कागदी पिशव्यांत भरते आणि रस्त्याच्या कडेले ठेवून देते. सरकारची गाडी येऊन घेऊन जाते. मी विचारलं, कोणाच्या गुराले? तो म्हणे, कोणाच्याच नाही अब्बा. निवृत्ती, पहिल्या शनिवारी मी त्या पिशव्यांपाशी बराच वेळ उभा होतो. उन्हाळ्यात आपण एकेका पेंढीसाठी कुठं कुठं फिरलो ते तुले माहीत हाये. शेवटी शेजारची म्हातारी बाहेर आली आणि मले पाणी पाजून घरी पाठवलं. तिले वाटलं मी रस्ता विसरलो.

या म्हातारीचं घर आमच्याले लागून हाये. अजीजुन्निसा तिले गोरी खाला, म्हणजे गोरी मावशी म्हणते. तिची ओळख झाली तीही एका गुन्ह्यावरूनच. ईदच्या दिवशी अजीजुन्निसानं शिरखुरमा केला आणि एक डबा शेजारी देऊन ये म्हणाली. खाला घरी नव्हती. इथं प्रत्येक घरापुढं खांबावर पत्राची पेटी राहते, छान दार असलेली, कुत्र्या-मांजरापासून सुरक्षित. मी डबा तिच्यात ठेवला आणि हुशारी केली म्हणून खुशीत परत आलो. दुपारी पोस्टमन आला, पेटी उघडली, आणि एक छापील कागद चिकटवून गेला. त्या पेटीत टपालाशिवाय दुसरी वस्तू ठेवणं हा सगळ्या देशाचा गुन्हा हाये! गावाचा नाही, राज्याचा नाही, सगळ्या देशाचा. सबीहानं तो कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. तेवढ्यात खाला रिकामा डबा घेऊन आली. हातानंच विचारलं, अजून हाये काय? तेव्हापासून ती आणि अजीजुन्निसा रोज ओट्यावर बसतात. एक इंग्रजी बोलते, दुसरी आपलं बोलते, आणि दोघी एकमेकींच्या सुनांबद्दल सहमत होतात. (आम्हाले सून नाही हे खालाले अजून समजलेलं नाही.)

अजीजुन्निसाचा स्वतःचा गुन्हा याच्याहून मोठा हाये. लेकराचे लंगोट धुतले तर ते वाळवायचे कुठं? इथं वाळवायचं यंत्र हाये. ती म्हणे, बाहेर एवढं ऊन पडलं हाये, अन् मी लेकराचे कपडे पेटीत कोंडू? तिनं अंगणातल्या दोन झाडांले दोरी बांधली. लंगोट, लाल गोधडी, आणि हात लागलाच म्हणून माझे दोन पायजामे. आठ दिवसांत कमिटीचं पत्र आलं की दोरीवर कपडे वाळवायले मनाई हाये, आणि पुरावा म्हणून सोबत फोटो. माझ्या पायजाम्याचा फोटो, निवृत्ती! आमच्या लग्नाचा एक फोटो घरात नाही, पण माझा पायजामा अमेरिकेच्या फायलीत लागला. आता ती खिडकीच्या आत खुर्च्या मांडून त्यावर लंगोट टाकते, आणि ऊन सरकलं की खुर्च्याही सरकवते. कोंबड्या पाळायचा विचार तिनं केला होता, तोही सुटला. कारण परवाना काढून कोंबड्या पाळता येतात, पण कोंबडा पाळता येत नाही, तो ओरडते म्हणून. ती जाकीरले म्हणे, मग पिल्लं कशी होतात? तो म्हणे, दुकानात मिळतात. त्या दिवसापासून ती या देशाशी जरा अंतर ठेवून राहते.

आता तू हसत असशील. मीही हसत होतो. पण आता जे लिहितो ते हसण्यासारखं किती हाये ते तूच ठरव.

एप्रिल महिन्यात सबीहा आम्हाले एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. तिथं घर सजवायचं सामान होतं, आरसे, मेणबत्त्या, कागदाची फुलं. आणि एका बरणीत वाळलेल्या पऱ्हाट्या! आपली कापसाची पऱ्हाटी, निवृत्ती, जी आपण चुलीत घालतो, ती फुटलेल्या बोंडांसकट, रिबीन बांधून विकायले ठेवलेली. भाव लिहीत नाही, तुले रात्रीची झोप लागायची नाही. मी तिथंच उभा राह्यलो. बोंडाले हात लावला. कापूस लांब धाग्याचा होता, पण वेचणाऱ्यानं पत्ती नीट काढली नव्हती, मी उभ्याउभ्या काढली. मागं वळून पाह्यलं तर सबीहा माझ्याकडं पाहून राह्यली होती. घरी आलो तर ती बरणी गाडीतून उतरली आणि बैठकीत टीव्हीच्या बाजूले बसली.

गेल्या हंगामानंतर मी काय म्हटलं होतं ते तुले सांगायले नको. बोंडं बाहेरून कशी भरल्यासारखी दिसत होती, आणि फोडली की आत ती गुलाबी अळी. पाकिटावर लिहिलेलं होतं की या बियाण्याले अळी लागत नाही, आणि अळीले वाचता येत नव्हतं. उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर घातला तेव्हा तू माझ्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभा होता, आणि तुझ्या वावरात घातला तेव्हा मी तुझ्या. दोघंही एकमेकांकडं न पाहता तंबाखू मळत होतो. तेव्हा मी म्हटलं, बस, आता जन्मात कापूस नाही. म्हणून तर वावर तुले बटाईनं देताना मका लाव, सोयाबीन लाव, काहीही लाव, पण कापूस लावू नको म्हणून सांगून आलो.

आणि इथं चार दिवस त्या बरणीपुढून येता-जाता पाचव्या दिवशी मी एक बोंड तोडलं. सरकी सोडवली. आपले बाप सरकी शेणात घोळून पेरायचे, पाकिटं यायच्या आधी, तशी घोळली. (शेण इथं प्लास्टिकच्या पोत्यात विकत मिळते. मी ते विकत आणलं. हे वहिनीले सांगू नको, माझी इज्जत राहू दे.) आणि घराच्या पायरीपाशी, जिथं ऊन चांगलं येते, तिथं बोटानं टोचली. कोणाले सांगितलं नाही. अजीजुन्निसाले वाटलं मिरची लावली असेल. सरकी उगवली, मी सवयीनं विरळणी केली आणि एक रोप ठेवलं. तूच सांग, एका रोपाले वावर म्हणत नाहीत. पण सकाळी उठून कुठं जायचं ते मले समजायले लागलं.

ते रोप चांगलं वाढलं. काळीभोर जमीन नाही, लाल माती हाये इथं, तरी वाढलं. पात्या लागल्या, कळ्या धरल्या. फूल आलं, पहिल्या दिवशी पांढरं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी, ते पाहून खाला तर वेडीच झाली, तिनं फोटो काढला आणि कॉलनीच्या सगळ्या लोकांले फोनवर दाखवला. बोंडं धरली तेव्हा सबीहा रोज संध्याकाळी काम झालं की अलीजाले खांद्यावर घेऊन माझ्यापाशी येऊन बसायची. लहानपणी वावरात बसायची तशी. मी तिले बोंड दाबून दाखवायचो, किती दिवसांचं हाये ते सांगायचो. पण निवृत्ती, खरं लिहितो, बोंड हातात घेतलं की अजून ते फोडायले माझा अंगठा धजत नाही. आत काय निघेल म्हणून.

मग एका दुपारी एक मोठी गाडी आली, दारावर राज्याचा शिक्का असलेली. आतून एक उंच, लालबुंद माणूस उतरला, डोक्यावर हॅट. राज्याच्या शेतीखात्याचा माणूस. खालाच्या फोटोवरून कोणीतरी कळवलं होतं. (खालाले हे समजलं तेव्हा ती एवढी रडली की अजीजुन्निसाले तिलेच समजावत बसावं लागलं.) सबीहानं दार उघडलं. तो माणूस नम्र होता, आवाज खालचा होता, पण सबीहाचे ओठ तो शिक्का पाहूनच कोरडे पडले. या देशात कायमचं राहायचा सबीहा-जाकीरचा कागद अजून सरकारकडं अडून हाये, आणि तो हाती येईपर्यंत ही पोरगी प्रत्येक पाकीट उघडताना आधी बिस्मिल्ला म्हणते. मी ते पाहत होतो, पण मले ते समजलं नव्हतं. तीच पोट्टी ही, जिनं आपल्या फाट्यावर न थांबता निघालेल्या एसटीमागं धावून ड्रायव्हरले खाली उतरवलं होतं.

तिनं मले त्याचं बोलणं आपल्या भाषेत सांगितलं. (आमचं घरातलं बोलणं तुले माहीत हाये, मी मराठीत करून लिहितो.) ती म्हणे, "अब्बा, इथं घराच्या अंगणात परवान्याशिवाय कापूस लावता येत नाही."

"अन् परवान्यानं?"

"परवान्यानं येते."

"एका पऱ्हाटीले?"

तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. एका पऱ्हाटीलेही.

मग त्यानं कारण सांगितलं. एका काळी इथं बोंडात शिरणारा एक सोंडेचा भुंगा होता. त्यानं मुलूखच्या मुलूख खाल्ले, लोक शेती सोडून गावं सोडून गेले. त्याचा स्वतःचा आजा कापसावरून उठला तो परत बसला नाही. मग सगळ्यांनी मिळून, एकही वावर न सोडता, धुऱ्या-धुऱ्यावर सापळे लावून तो भुंगा कितीतरी वर्षांत हटवला. आता कोणाच्या अंगणात लपलेली एक पऱ्हाटी राह्यली, तर त्याले पुन्हा घर मिळेल. म्हणून ते एकेक पऱ्हाटी शोधत फिरतात. निवृत्ती, मले वाटलं होतं की मले राग येईल. मले त्या माणसाचा हेवा वाटला. एका झाडासाठी तो गाडी घेऊन आला. आपल्या वावराचा पंचनामा करायले माणूस आला तेव्हा नांगरट होऊन गेली होती, आणि तो म्हणे, आता पाहू काय?

त्यानं विचारलं, बी कुठून आणलं? हे विचारताच सबीहाचा चेहरा पांढरा पडला. बाहेरच्या देशातून बी आणणं हा त्याहून मोठा गुन्हा हाये, आणि तिले वाटलं की बापानं धामणगावाहून खिशात घालून आणलं. मी आत गेलो आणि ती रिबीनवाली बरणी उचलून आणली. बोट दाखवून म्हटलं, "युवर शॉप." तो माणूस एवढा हसला की अलीजा दचकली. मग हॅट काढून पायरीवर बसला.

त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक तर परवान्याचा अर्ज भरा, मग खात्याचा माणूस येऊन सापळा टांगेल, मधूनमधून पाहून जाईल. नाही तर झाड काढून द्या. मी काही बोलायच्या आधी सबीहा म्हणाली, "अर्ज द्या. मी भरते."

"कोणाच्या नावानं?" मी विचारलं.

"घर माझं हाये, माझ्याच नावानं."

"राहू दे बेटा."

"नाही अब्बा. तुम्ही आल्यापासून गवताचं ऐकलं, दोरीचं ऐकलं, पेटीचं ऐकलं. एक तर गोष्ट तुमची राहू द्या."

हे म्हणताना तिचा आवाज पक्का होता. पण अलीजाच्या पाठीवरचा तिचा हात पाह्यला मी. त्या हातानं झबलं मुठीत आवळून धरलं होतं. सरकारच्या आणखी एका कागदावर आपलं नाव लिहायचं म्हणून तिचा जीव जात होता, आणि तरी बापाच्या एका पऱ्हाटीसाठी ती ते लिहायले निघाली होती. मले इतके महिने वाटत होतं की माझी पोरगी अमेरिकेत राहते. त्या दुपारी समजलं की ती अजून दारातच उभी हाये, कोणीतरी आत ये म्हणायची वाट पाहून.

मी म्हटलं, "झाड कुठं हाये ते? पऱ्हाटी हाये. एका हंगामाची. आज नाही तर डिसेंबरात उपटायचीच हाये." आणि खाली वाकून, बुडापाशी धरून, उपटली. लाल माती भुसभुशीत हाये, एका झटक्यात आली. मुळं झटकली. बोंडं हिरवी होती, भरत आलेली. त्या माणसानं मोठी पिशवी आणली, पऱ्हाटी आत घातली, पडलेली पानंसुद्धा वेचून घातली, आणि तोंड बांधलं. जाताना त्यानं मले हात दिला आणि काहीतरी बोलला. सबीहानं ते सांगितलं नाही, कारण ती ओट्यावर बसून अलीजाच्या झबल्यात तोंड लपवून रडत होती. मी तिच्या बाजूले बसलो. डोक्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा ती माझ्या खांद्याले टेकली. अलीजा झोपून गेली.

मले काही वाटलं नाही. एक रोप, त्याचं काय वाटायचं. तुले हकीकत म्हणून लिहिलं.

आता पुढचं. सबीहाची सुट्टी संपली हाये, सध्या ती घरून काम करते, पण सप्टेंबरपासून तिले ऑफिसात जावं लागते. म्हणून तिनं आम्हा दोघांले थंडीपर्यंत राहा म्हटलं. अजीजुन्निसाच्या मुदतवाढीचा कागद जाकीर तयार करून राह्यला. मी नाही म्हटलं. इथं मी काय करू? गवत कापू आणि फेकून देऊ? तर अजीजुन्निसा राहते आणि मी महिनाअखेर एकटाच येतो. माझं काही अडत नाही. एकटा माणूस म्हणजे मोकळा माणूस. तुझ्यासारखा उठता-बसता कोणाले तरी हाक मारायची मले सवय नाही.

वच्छलावहिनीले सलाम, गोकुळले आशीर्वाद. गावात सगळ्यांले विचारलं म्हणून सांगजो. पाऊस कसा हाये, मका किती वर आला, ते फोनवर सांग, त्यात लपवण्यासारखं काही नाही. डोळ्यांले जप. तुझ्या डोळ्यानं मले माझं वावर पाहायचं हाये, माझा चष्मा इथं अलीजानं मोडला.

तुझा,
फकीर मोहम्मद

ता. क. मुंबईहून नांदुऱ्याले सकाळच्या गाडीनं उतरीन. कोणी यायची गरज नाही. आलाच तर तू ये, गोकुळले धाडू नको, तो मोटारसायकल लय जोरानं चालवते आणि माझ्यापाशी त्याले बक्कल असलेली खुर्ची नाही.

आणखी एक ता. क. ते छोटं काम लिहायचं राह्यलंच. वहिनीले विचार, आणि असं विचार की मी विचारायले सांगितलं हे समजू नये, की थंडीपर्यंत संध्याकाळचा एक डबा माझा होईल काय. सकाळचं मी पाहून घेईन. चहा येतो मले. डाळ शिकून राह्यलो, काल तिच्यात मीठ दोनदा पडलं. भाकरी काही जमत नाही. लग्न झाल्यापासून अजीजुन्निसा माहेराले गेली तरी दोन दिवसांवर राह्यली नाही, त्यामुळे मले एकट्यानं जेवायचं कसं तेच माहीत नाही. डबा नेऊन द्यायची गरज नाही. मी तुमच्याच ओट्यावर बसून खाईन, म्हणजे भांडी इकडून तिकडं होत नाहीत. दुसरं काही कारण नाही.

(हे खाली अजीजुन्निसाचं.)

वच्छलाबाई आणि निवृत्तीभाऊंले अजीजुन्निसाचा सलाम. लिफाफा चिकटवायले माझ्यापाशी दिला, म्हणून वाचलं. चौथीपर्यंतचं मराठी कामाले आलं. त्याईनं लिहिलं की काही वाटलं नाही. पऱ्हाटी उपटली त्या दिवसापासून हे समोरच्या पायरीनं उतरत नाहीत. फिरायले जायचं तर मागच्या दारानं निघून सगळ्या घराले वळसा घालून जातात. सबीहानं मले बाजूले घेऊन म्हटलं, अम्मी, अब्बाले एकट्यानं नको पाठवू. मले तिनं सांगायची गरज नव्हती. जाकीरच्या अम्मीले नांदुऱ्याले फोन केला, त्या सप्टेंबरात इथं येणार हायेत. अलीजावर त्यांचाही हक्क हाये. माझं तिकीट जाकीरनं बदललेलं नाही, त्याले मीच नको म्हटलं.

तर बाई, संध्याकाळच्या डब्याचं मनावर घेऊ नका. फक्त आलो त्या दिवशीचं जेवण तुमच्याकडं, अन् ते दोघांचं. पण फोनवर यांले काही बोलू नका. मीही सोबत येणार हाये हे त्याईले अजून सांगितलं नाही. काऊन की सध्या हे रोज सकाळी स्वयंपाकघरात माझ्या बाजूले उभे राहतात, पीठ किती, पाणी किती, तवा किती तापला म्हणून विचारतात. एवढ्या वर्षांच्या संसारात असे कधी उभे राह्यले नव्हते. भाकरी अजून गोल होत नाही. गोल झाली की त्याईले सांगीन.